टॉस, फिल्डिंग आणि बाकीचे सगळे शहाणे: कप्तान नेमकं करतो काय?

आमच्या क्लबात बॉलिंग मोजक्या लोकांना येते, बॅटिंग त्याहून मोजक्यांना, पण कप्तानी सगळ्यांना येते. थर्ड मॅनला उभा असलेला माणूस तिथूनच ओरडून स्लिप काढायला सांगतो. आऊट होऊन पॅड सोडत बसलेला ओपनर पुढच्या तीन ओव्हर कोणी टाकाव्यात ते ठरवतो. रविवारची ही सभा आटोपली की घरी येऊन आंघोळ करायची, टीव्ही लावायचा आणि तेच सगळं भारताच्या नाहीतर इंग्लंडच्या कप्तानाला ऐकवायचं.

म्हणून म्हटलं, एकदा हा धंदा नीट समजून घेऊ. बाकीच्या बऱ्याच खेळांत खरा कारभार कोचच्या हातात असतो. तो रेषेबाहेर उभा राहून हातवारे करतो आणि आतले पळतात. क्रिकेटमध्ये संघ एकदा मैदानात उतरला की बॉल कोणाला द्यायचा, कोणाला कुठे उभं करायचं, डाव कधी सोडायचा, हे कप्तान ठरवतो. कोच पॅव्हेलियनमध्ये गॉगल लावून बसतो. आणि ही सगळी ठरवाठरव पुढे काय होणार हे माहीत नसताना करायची असते. आपण त्याच्यावर बोलतो ते सगळं होऊन गेल्यावर. कप्तान आणि बाकीचे शहाणे यांच्यात फरक असलाच तर एवढाच.

अकरा माणसं

कप्तानाचं पहिलं काम नियमातच दिलंय: टॉसच्या आधी आपल्या खेळाडूंची नावं लेखी अंपायरला द्यायची. नंतर समोरच्या कप्तानाच्या संमतीशिवाय त्यात बदल नाही.

आंतरराष्ट्रीय कप्तानाला ही अकरा माणसं आयती मिळतात. आता आयती म्हणजे निवड समिती देते तीच. त्याला हवा असलेला स्पिनर मिळतोच असं नाही, आणि खुद्द त्याची नेमणूकही कधी कधी एका मतावर लटकलेली असते. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी आधीचे कप्तान पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर आले ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे.

क्लबच्या कप्तानाकडे निवड समिती नसते. त्याच्याकडे व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. शनिवारी रात्री तो विचारतो, ‘उद्या कोण कोण?’ त्यावर आलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे, मेसेज पोचल्याची पोचपावती असते. ‘बघतो’ म्हणजे नाही. ‘नक्की येतो’ म्हणजे साडेदहापर्यंत, आणि तेही मेगाब्लॉक नसेल तर. मध्य रेल्वेचं रविवारचं वेळापत्रक आमच्या बॅटिंग ऑर्डरवर जेवढा परिणाम करतं तेवढा कुठल्याही बॉलरने केलेला नाही. डोंबिवलीचा ओपनर फलाटावर अडकला की सहा नंबरवाला सलामीला जातो, आणि संध्याकाळी ‘त्याला वर पाठवायची गरज काय होती?’ असं विचारलं जातं.

टॉस

सामना सुरू व्हायच्या आधी तीस ते पंधरा मिनिटांच्या दरम्यान मैदानात नाणं उडवायचं, जिंकणाऱ्याने बॅटिंग की फिल्डिंग ते सांगायचं, आणि एकदा सांगितलं की शब्द फिरवता येत नाही. दिसायला ही सगळ्यात सोपी गोष्ट, पण कप्तानांच्या बदनामीचे अर्धे किस्से इथलेच आहेत.

ठरवायचं असतं ते पिचवरून. कसोटीचं पिच म्हणजे पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट बसवलेली चिकणमाती. पहिल्या सकाळी तिच्यात ओल असली तर बॉल पडून इकडेतिकडे वळतो, म्हणजे फास्ट बॉलरची चैन. मग ऊन लागतं, माती सुकते, बॅटिंगला दोन-तीन दिवस बरे जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी भेगा पडतात, बॉलरच्या बुटांनी एक पट्टा उखडलेला असतो आणि स्पिनर नेमका तिथेच बॉल टाकतो. सगळ्यात कठीण बॅटिंग शेवटच्या डावात. म्हणून कसोटीत बहुतेक कप्तान डोळे मिटून बॅटिंग घेतात. आभाळ भरलेलं असेल, पिच हिरवं दिसत असेल, तरच मन चळतं. रात्रीच्या वनडे-ट्वेंटी-ट्वेंटीत हिशेब उलटा होतो. तिथे दव पडतं, बॉल ओला होऊन स्पिनरच्या बोटांत टिकत नाही, आणि दुसऱ्यांदा बॅटिंग करणाऱ्याचं फावतं.

आता 2002 साल, ब्रिस्बेन. इंग्लंडच्या नासिर हुसेनने टॉस जिंकला आणि ऑस्ट्रेलियाला बॅटिंग दिली. संध्याकाळी फळ्यावर ऑस्ट्रेलिया 2 बाद 364. शिवाय सायमन जोन्सचा गुडघा त्याच दिवशी गेला. इंग्लंड ती कसोटी 384 रननी हरलं आणि हुसेन आयुष्यभराचा चेष्टेचा विषय झाला.

2005, एजबॅस्टन. सकाळी सरावात ग्लेन मॅकग्राचा पाय मैदानात पडलेल्या बॉलवर पडला आणि घोटा दुखावला. आपला सर्वोत्तम बॉलर बाहेर गेलेला असताना रिकी पाँटिंगने टॉस जिंकून फिल्डिंग घेतली. इंग्लंडने त्या एका दिवसात 407 केल्या. पाच दिवसांच्या सामन्यात ऑस्ट्रेलिया हरलं ते दोन रननी. माझं विचाराल तर हुसेनपेक्षा पाँटिंगचा निर्णय जास्त गोंधळाचा होता. समोर हेडन-पाँटिंगसारखे बॅट्समन असले तरी हुसेनला निदान सकाळच्या ओलीतून काही विकेट निघतील अशी आशा होती. पाँटिंगच्या हातात मॅकग्राच नव्हता. पण दोन रननी हरलेला माणूस 384 रननी हरलेल्यापेक्षा सभ्य दिसतो.

आणि भारताचा तेव्हाचा कप्तान रोहित शर्मा? जानेवारी 2023, रायपूर, समोर न्यूझीलंड. टॉस जिंकला आणि काय करायचं ठरलंय तेच विसरला. कपाळाला हात लावून थोडा वेळ उभा राहिला आणि मग बॉलिंग म्हणाला. न्यूझीलंड 108 ला गार झाला. मग कोण बोलतंय! उलट त्या विसराळूपणाचं कौतुक झालं. तीच मॅच हरलो असतो तर त्याच विसराळूपणावर आठवडाभर चर्चासत्रं झडली असती.

टॉसच्या बाबतीत भलेभले हतबल होतात. दक्षिण आफ्रिकेचा फाफ डु प्लेसी आशियात इतके टॉस हरला होता की 2019 मध्ये रांचीला तो टेंबा बवुमाला कौल सांगायला बरोबर घेऊन गेला. बवुमाही हरला. आणि 2011 च्या वर्ल्ड कपच्या वानखेडेवरच्या फायनलला तर नाणं दोनदा उडवावं लागलं. पब्लिकच्या गोंगाटात श्रीलंकेचा कप्तान संगकारा काय बोलला ते मॅच रेफ्रीलाच ऐकू आलं नाही.

क्लबात पिच बघण्याचा कार्यक्रम आम्हीही करतो. कप्तान वाकतो, अंगठा दाबतो, चावी खुपसतो, गंभीर चेहरा करतो. प्रत्यक्षात तो त्या वेळी मागे वळून माणसं मोजत असतो. आपली सातच आली असतील तर बॅटिंग. समोरच्यांची आठच आली असतील तरी बॅटिंग, म्हणजे त्यांना आठांत फिल्डिंग करावी लागेल. दोन्हीकडे माणसं कमी असली की दोन्ही कप्तानांना बॅटिंगच हवी असते आणि नाणं कोणाच्याच खिशात सापडत नाही. यूपीआय आल्यापासून तर ही अडचण खरीच झाली आहे.

पावसाळ्यातली कांगा लीग मात्र वेगळं प्रकरण. 1948 पासून मुंबईत ही लीग खेळली जाते, आणि मुद्दाम पावसात खेळली जाते. ओल्या पिचवर एक बॉल घोट्याला लागतो, दुसरा बरगडीत बसतो. तिथे टॉस जिंकणाऱ्याला मातीचा आणि ढगांचाही अंदाज बांधावा लागतो. ऊन पडून पिच अर्धवट सुकायला लागलं की बॅट्समनचे हाल कुत्रा खात नाही, आणि ऊन पडेल की सर येईल हे वेधशाळेलाही तितकंसं ठाऊक नसतं. मुंबईचे बॅट्समन खडूस का, याचं थोडंफार उत्तर या चिखलात आहे.

नऊ माणसं आणि तीन एकर

बॉलर आणि विकेटकीपर सोडले तर उरतात नऊ जण. बाउंड्री पिचच्या मध्यापासून 65 ते 90 यार्डांवर असते, म्हणजे राखायची जमीन कमीत कमी तीन एकरांच्या घरात जाते. हे तोकडं पांघरूण आहे, डोक्यावर ओढलं की पाय उघडे. स्लिपमध्ये, म्हणजे विकेटकीपरच्या शेजारी, तिसरा माणूस लावला तर कडेला लागलेला बॉल झेलता येतो, पण कव्हरमधून चौका जातो. कव्हर बंद केलं की नेमकी स्लिपमधून कॅच जाते, आणि कॉमेंट्रीवाला ‘इथे स्लिप असायला हवी होती’ म्हणतो. ती चार बॉल आधी होती, तेव्हा त्याने कव्हर मोकळं असल्याची तक्रार केलेली असते.

फिल्डिंग म्हणजे बॉलर आणि कप्तान यांच्यातला करार. ऑफला म्हणजे बॅट्समनच्या समोरच्या बाजूला सहा, लेगला म्हणजे त्याच्या पाठीमागच्या बाजूला तीन लावले की बॉलरने ऑफ स्टंपच्या बाहेरच मारा करायचा. तिथून बॅट्समन लेगला मारायला गेला तर चुकायची शक्यता जास्त. आमच्याकडे हा करार पहिल्या दोन बॉलपर्यंत टिकतो. तिसरा बॉल लेग स्टंपवर आखूड पडतो, चौका जातो आणि बॉलर कप्तानाकडे असा बघतो की जणू बॉल कप्तानानेच टाकला.

लेग साइडचा विषय निघाला की डग्लस जार्डिन आलाच. हे गृहस्थ जन्माने मुंबईकर, 1900 साली मलबार हिलवर जन्मलेले. 1932-33 मध्ये इंग्लंडचा कप्तान म्हणून ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा ब्रॅडमनला आवरायचं कसं, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर असं: फास्ट बॉलर लारवूडने अंगावर आखूड बॉल टाकायचे आणि लेग साइडला माणसांचं कडं करायचं. बॅट्समनने अंग वाचवायला बॅट वर घेतली की कॅच. इंग्लंडने मालिका 4-1 जिंकली आणि दोन देशांचे संबंध बिघडायची वेळ आली. आज नियम असा आहे की लेग साइडला बॅट्समनच्या रेषेच्या मागे विकेटकीपर सोडून दोनच माणसं उभी करता येतात. टीव्हीवर तिसरा माणूस चुकून तिथे सरकला आणि अंपायरने नो-बॉल दिला की समजायचं, मुळात हा बंदोबस्त त्या तऱ्हेच्या माऱ्यासाठी आहे. त्या मालिकेनंतर वर्षभराच्या आत, डिसेंबर 1933 मध्ये, भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली. समोर सी. के. नायडू होते आणि इंग्लंडचा कप्तान होता हाच जार्डिन. जन्मगावी आला आणि जिंकून गेला.

वनडे आणि ट्वेंटी-ट्वेंटीत कप्तानाचे हात आणखी बांधलेले असतात. वनडेत पहिल्या दहा ओव्हर वर्तुळाबाहेर दोनच माणसं, पुढे चाळिसाव्या ओव्हरपर्यंत चार, शेवटच्या दहात पाच. ट्वेंटी-ट्वेंटीत पहिल्या सहा ओव्हर दोन, मग पाच. वर ओव्हर वेळेत संपवायच्या. ट्वेंटी-ट्वेंटीत शेवटची ओव्हर ठरल्या वेळेत सुरू करता आली नाही तर बाहेरचा एक माणूस आत आणावा लागतो. म्हणून शेवटी शेवटी कप्तान पळत पळत फिल्डिंग लावताना दिसतो.

क्लबच्या कप्तानापुढचा प्रश्न वेगळा. त्याला माणसं लपवायची असतात. कोणाचा गुडघा गेलेला, कोणाचं पोट आलेलं, एकजण कायम फोनवर. यांना कुठे उभं केलं तर बॉल जाणार नाही, याचा अभ्यास आम्ही वर्षानुवर्षं केला. बॉल तिथेच जातो. लाँग ऑनला लपवलेल्या काकांकडे पहिल्याच ओव्हरमध्ये उंच कॅच जाते, काका ‘माझी, माझी’ ओरडतात आणि बाकीचे दहा जण मनात ‘नको, नको’ म्हणतात. आझाद मैदानावर तर एका मॅचची फिल्डिंग दुसऱ्या मॅचच्या पिचपाशी संपते. तिथे आपला डीप पॉइंट दुसऱ्याच सामन्याच्या अंपायरशेजारी उभा असतो आणि कधी कधी त्याच सामन्यासाठी अपील करतो. 2024 मध्ये विशाखापट्टणमच्या कसोटीत, बागेत फिरल्यासारखं फिरणाऱ्यांना रोहितने दिलेला दम स्टंपमधल्या माइकने सगळ्या देशाला ऐकवला, तेव्हा लोकांना मौज वाटली. मैदानावर वाढलेल्यांना आपल्याच कप्तानाचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

बॉल कोणाच्या हातात

मर्यादित ओव्हरच्या सामन्यात हा चक्क वाणसामानाचा हिशेब आहे. ट्वेंटी-ट्वेंटीत एका बॉलरला चारच ओव्हर, वनडेत दहा. चांगला बॉलर लवकर संपवला तर शेवटी कोण? शिल्लक ठेवला आणि तोवर सामनाच हातचा गेला तर?

24 सप्टेंबर 2007, जोहान्सबर्ग. पहिल्या ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, पाकिस्तानला शेवटच्या ओव्हरमध्ये 13 हव्यात, एक विकेट बाकी, मिसबाह उभा. हरभजनची एक ओव्हर शिल्लक होती, पण त्याला मिसबाहने आधीच बदडलं होतं. धोनीने बॉल जोगिंदर शर्माला दिला. पहिला बॉल वाइड. मग एक निर्धाव. मग सिक्स. चार बॉलमध्ये सहा हव्यात. या क्षणी सामना थांबवून देशाचं मत घेतलं असतं तर धोनीची कप्तानी बिनविरोध गेली असती. पुढच्या बॉलवर मिसबाहने मागे स्कूप केला, श्रीशांतने कॅच घेतली आणि भारत पाच रननी जिंकला. बॉल होता तसाच साधा होता. तो सीमेपलीकडे गेला असता तर ‘थंड डोक्याचा’ हे विशेषण धोनीला मिळायला बरीच वर्षं लागली असती.

काही वेळा बॉलर तोच ठेवून नुसतं टोक बदलूनही काम होतं. 1981, हेडिंग्ली. ऑस्ट्रेलियाला जिंकायला 130 हव्या, 1 बाद 56 झालेत. इंग्लंडचा कप्तान माइक ब्रिअर्लीने बॉब विलिसला दुसऱ्या टोकाकडून आणलं, उतार आणि वारा पाठीशी घेऊन. विलिसने 43 रनमध्ये आठ विकेट काढल्या, ऑस्ट्रेलिया 111 वर संपलं.

आमच्याकडे टोक बदलतं ते ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. आणि बॉलर ठरतो तो बॉल कोणी आणला यावर. नव्या लेदर बॉलचे पैसे ज्याने दिले त्याला पहिली ओव्हर द्यावीच लागते. गाडीत चार जणांना आणणारा माणूस चार ओव्हर टाकतो. त्याला दोनवरच थांबवलं तर परतीची व्यवस्था आपली आपण बघायची.

डाव सोडायचा कधी, पुन्हा खेळवायचं कधी

हा भाग नवख्यांना सगळ्यात कमी कळतो आणि मला विचाराल तर इथेच कप्तानाची खरी परीक्षा आहे.

कसोटी जिंकायची तर समोरच्यांच्या वीस विकेट काढाव्या लागतात. नुसत्या रन जास्त असून भागत नाही, वेळ संपला तर सामना अनिर्णित. म्हणून कप्तान आपला डाव अर्धवट सोडतो: रन पुरेशा झाल्या, आता विकेट काढायला वेळ हवा. लवकर सोडला तर समोरचे रन गाठतील, उशिरा सोडला तर ते टिकून राहतील. 1968 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला गॅरी सोबर्सने 2 बाद 92 वर डाव सोडून इंग्लंडला 165 मिनिटांत 215 चं लक्ष्य दिलं. इंग्लंडने सात विकेट राखून गाठलं. मालिकेत निकाल लागलेला तेवढा एकच सामना, म्हणजे मालिकाही गेली. वेस्ट इंडिजमध्ये लोकांनी हे सोबर्सला लवकर माफ केलं नाही. कंटाळवाणी अनिर्णित मालिका टाळायचा त्याचा विचार मला तरी आवडतो, पण मी त्रिनिदादला राहत नाही.

आपल्याकडे मुलतान 2004 अजून धुमसतंय. गांगुली जखमी, द्रविड कप्तान. सचिन 194 वर नाबाद असताना डाव घोषित. भारत एक डाव आणि 52 रननी जिंकला, वेळ उरला होता, त्यामुळे वाद पेटतो तो इथे: आणखी सहा रन दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? तेव्हा, त्या संध्याकाळी, पाचव्या दिवशी वेळ उरेल हे द्रविडला कोण सांगणार होतं? गंमत अशी की 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमकडून सचिन-कांबळी 664 ची भागीदारी करत होते तेव्हा कप्तान स्वतः सचिनच होता. शेवटी डाव सोडायला लावला तो आचरेकर सरांनी. सचिन 326, कांबळी 349. कांबळीची आणखी एक रन तेव्हाही राहिलीच.

फॉलोऑन म्हणजे याच्या पुढची पायरी. पाच दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावात 200 किंवा जास्त रनची आघाडी मिळाली तर समोरच्यांना लगेच पुन्हा बॅटिंगला बसवता येतं. तीन-चार दिवसांच्या सामन्याला हा आकडा 150. इथे एक बारीक कलम आहे. पहिला दिवस पावसात पूर्ण वाहून गेला तर सामना उरलेल्या दिवसांचा धरला जातो, म्हणजे पाचाचा चार दिवसांचा होतो आणि 200 चे 150 होतात.

1971, किंग्स्टन. पहिला दिवस पावसात गेला. सरदेसाईंच्या 212 च्या जोरावर भारत 387, वेस्ट इंडिज 217. आघाडी 170. वेस्ट इंडिजच्या ड्रेसिंग रूममध्ये निवांत वातावरण, दोनशेला तीस कमी आहेत ना! वाडेकर तिथे गेले आणि सोबर्सला शांतपणे म्हणाले, तुम्ही पुन्हा बॅटिंग करताय. सामना अनिर्णित राहिला, पण शिवाजी पार्कच्या माणसाने सोबर्सला नियमाचं पुस्तक शिकवलं होतं. पुढची कसोटी भारताने जिंकली आणि मालिकाही. त्याच वर्षी ओव्हलला इंग्लंडमधली मालिका जिंकली त्या दिवशी वाडेकर सकाळीच रन आऊट झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये झोपी गेले, केन बॅरिंग्टनने उठवून जिंकल्याचं सांगितलं, असा किस्सा सांगितला जातो. मालिका ठरत असताना झोप लागणं, ही माझ्या मते कप्तानीतली सर्वोच्च अवस्था आहे.

मग फॉलोऑन द्यायची संधी मिळाली तर द्यायचाच का? इथे कप्तान अडखळतात, कारण आपले बॉलर नुकतेच एक डाव टाकून दमलेले असतात. 2001, ईडन गार्डन्स. ऑस्ट्रेलिया 445, भारत 171. लागोपाठ सोळा कसोटी जिंकलेल्या स्टीव्ह वॉने फॉलोऑन दिला. लक्ष्मण 281, द्रविड 180, भारत 171 रननी विजयी. 2023 मध्ये वेलिंग्टनला इंग्लंडचा कप्तान बेन स्टोक्सने न्यूझीलंडला फॉलोऑन दिला आणि इंग्लंड एका रनने हरलं. हे ऐकून फॉलोऑन देणं धोक्याचं वाटतं. पण फॉलोऑन मिळालेला संघ जिंकल्याच्या घटना सगळ्या कसोटी इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. हेडिंग्ली 1981 त्यातलीच एक. बाकी शेकडो वेळा फॉलोऑन देणारे निमूटपणे जिंकले किंवा सामना अनिर्णित राहिला. त्यांच्यावर कोणी माहितीपट काढत नाही.

आमच्या सामन्यांत दिवस एकच असतो, आणि डाव घोषित करायचा प्रसंग आला तर सगळे बॅट्समन कप्तानाकडे पाठ करून उभे राहतात. ज्याची बॅटिंग यायची आहे तो पॅड बांधून समोरच बसतो. त्याच्या डोळ्यांदेखत डाव सोडायला वाघाचं काळीज लागतं.

रिव्ह्यू

अंपायरचा निर्णय पटला नाही तर फिल्डिंग करणाऱ्या कप्तानाने पंधरा सेकंदांत हाताने ‘टी’ करायचं, म्हणजे टीव्ही अंपायरकडून तपासणी मागायची. चुकला तर रिव्ह्यू गेला. अडचण अशी की प्रत्येक बॉलरला आपला प्रत्येक बॉल स्टंपवर जाताना दिसतो आणि विकेटकीपरलाही थोडंफार तसंच दिसतं. 2019 मध्ये हेडिंग्लीलाच ऑस्ट्रेलियाचा कप्तान टिम पेनने इंग्लंडच्या लीचविरुद्ध शेवटचा रिव्ह्यू एका लेग स्टंपबाहेर पडलेल्या बॉलवर घालवला. पुढच्याच ओव्हरमध्ये लायनच्या बॉलवर स्टोक्स स्पष्ट पायचीत दिसत होता, अंपायरने नाबाद दिलं आणि हातात काही उरलं नव्हतं. इंग्लंड एका विकेटने जिंकलं, स्टोक्स 135 नाबाद. आमच्याकडे अंपायर बॅटिंग करणाऱ्या संघातलाच असतो, त्यामुळे पायचीत हा प्रकार पुस्तकातच राहतो. रिव्ह्यू संध्याकाळी चहाच्या टपरीवर घेतला जातो, आणि त्याला पंधरा सेकंदांची अट नसते.

कप्तान म्हणूनच घेतलेला माणूस

शेवटचा प्रश्न नेहमीचा: कोणाला फक्त कप्तान म्हणून संघात घ्यावं का? माइक ब्रिअर्ली या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर आहे. 39 कसोटी, सरासरी 22.88, एकही शतक नाही. अशा आकड्यांवर आपल्याकडे रणजीतली जागाही टिकत नाही. पण कप्तान म्हणून 31 कसोटी, 18 विजय, फक्त चार पराभव. 1981 मध्ये बोथमची कप्तानी लॉर्ड्सवर दोन शून्यांनी संपली, ब्रिअर्लीला परत बोलावलं, आणि तोच बोथम पुढच्याच कसोटीत फॉलोऑननंतर 149 नाबाद करून गेला. ब्रिअर्लीने त्याला काय दिलं? बहुधा एवढंच, की टॉस, फिल्डिंग आणि बॉलर बदलायची कटकट त्याच्या डोक्यावरून उतरवली.

ब्रिअर्लीचा कसोटीतला सर्वोच्च स्कोअर 91, तोही आपल्या वानखेडेवर, 1977 मध्ये. नवा मेंबर आला की आमचा कप्तान त्याला हे आवर्जून सांगतो. ‘आणि दादा, तुमचा सर्वोच्च?’ असं परवा एका पोराने विचारलं. कप्तानाने त्याला पाणी वाटायला पाठवलं आणि नंतर लाँग ऑनला, काकांच्या शेजारी.